अक्कांचा गड्डा, माझी खळ

"काल रात्री साडेदहाला तुमचा मिक्सर कशाला ओरडलालता ओ, वहिनी?"

अक्कांचा दिवसाचा पहिला प्रश्न हा. चहा झाला का, कंबर कशी आहे, काही नाही. पाण्याचा दिवस होता. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि आलं की पहाटेपासून गल्लीतल्या सगळ्या बायका पिंप, बादल्या, घागरी, कळशा यांच्या मागे. मोटर लावली, नळी पिंपात सोडली की पिंप भरेपर्यंत हात रिकामे, आणि हात रिकामे झाले की तोंड चालू. आमच्या गल्लीच्या बातम्यासुद्धा त्यामुळे चार दिवसांनी येतात आणि एकदम जोरात येतात.

अक्कांच्या आणि माझ्या घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. त्यांच्या बाजूनं तुळस, माझ्या बाजूनं कोरफड आणि मधे दोघींची कोपरं टेकतील एवढी मोकळी जागा. तिथला गिलावा पंचवीस वर्षांत गुळगुळीत झालाय.

"चटणी करत होते," मी म्हटलं.

"शेंगाचटणी? मिक्सरात?" अक्कांनी हातातली नळी खाली ठेवली. मी थाप मारतेय हे त्यांना कळलं होतंच, पण थापेसाठी मी हीच गोष्ट शोधावी हे त्यांना जास्त लागलं. सोलापूरची चटणी उखळात कुटायची, दाण्याला तेल सुटून तिचा गोळा वळेपर्यंत कुटायची. ती मिक्सरात फिरवणाऱ्या बाईबद्दल अक्कांचं काय मत आहे ते मी इथं लिहीत नाही.

मग खरं सांगून टाकलं. बटाटे होते. बटाटे, दोन गाजरं आणि घरात उरलेलं अर्धं रताळं. कुकरच्या चार शिट्ट्या केल्या, पाणी काढलं, सगळं मिक्सरच्या भांड्यात घातलं आणि चांगलं मऊ होऊ दे म्हणून तीनदा फिरवलं. जे बाहेर आलं ते भांड्यातून चमच्याला, चमच्यातून बोटाला आणि बोटावरून ओट्याला चिकटत गेलं. आमच्या ह्यांनी ताट पुढं ओढलं, एक घास उचलला, तो ताटाला धरूनच राहिला. म्हणाले, "पतंग चिकटवायचेत का कुणाला?"

"उरलंय का? दाखवा."

वाटी भिंतीवरून गेली. अक्कांनी चिमटीत घेऊन घोळलं आणि बोटं फाकवली. दोन बोटांत तार आली. मग त्या जे हसायला लागल्या ते पिंप भरून वाहायला लागलं तरी थांबेनात.

"वहिनी, ही खळ केलीत की ओ! आमच्या मामांनी बगितली असती तर सुताला लावली असती."

मामा म्हणजे त्यांचे सासरे. अक्का पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी आणि मंडईत भाव पाडताना कानडी. त्यांच्या सासरची माणसं तेलंगणातून मागाच्या पाठीमागं सोलापुरात आली आणि इथलीच झाली. घरात चार माग होते. आता त्या खोलीत भाडेकरू आहेत, पण मागाचं शास्त्र अक्कांच्या बोटांतून गेलेलं नाही. ताण्याचं सूत मागावर घासून तुटतं, म्हणून त्याला आधी खळ पाजायची. चिंचोक्याचं पीठ नाहीतर मैदा पाण्यात शिजवायचा आणि ढवळत राहायचं. "जेवढं घोटाल तेवढी धरती ती. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं काम मला हेच दिलं. चपाती नंतर, खळ आधी."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पिष्टमय पदार्थ, आयोडीन टाकलं की निळा रंग, पेशी, पेशीभित्तिका, सगळं फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. आणि कळायचं ते मला पाण्याचं पिंप भरता भरता अक्कांकडून कळलं. बटाटा म्हणजे बारीक बारीक पिशव्या, प्रत्येकीत स्टार्चचे कण. 60-65 अंशांच्या पुढं ते कण पाणी पिऊन फुगतात, पण असतात आपापल्या पिशवीत. हातानं हलकेच मोडलं तर पिशव्या एकमेकींपासून सुट्या होतात आणि आपल्याला मऊ, भुसभुशीत लागतं. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो वेळा फिरून त्या पिशव्याच फाडतं. आतला फुगलेला स्टार्च बाहेर सांडतो आणि पाण्याशी एकजीव होतो. तीच खळ. चिंचोक्याची काय आणि बटाट्याची काय.

"मग आता याचं काय करू?"

"गायीला पन नका घालू," अक्का म्हणाल्या. "दात चिकटतील तिचे."

हे सगळं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते अक्कांच्याच धाकटीमुळे. ती आणि जावई हॉलंडात, लायडन नावाच्या गावात राहतात. ऑक्टोबरमध्ये तिनं आईला एक फोटो पाठवला. ताटात केशरी-पिवळा ढीग, वर लोण्याचा तुकडा, बाजूला मटणाचा एक भलामोठा खंड. अक्कांनी तो मला भिंतीवरून दाखवला. "बगा वहिनी, पोरगी साता समुद्रापार जाऊन गाजराचा चिखल खाऊ लागलीय."

चिखलाचं नाव हुत्सपॉट. बटाटा, गाजर आणि कांदा एकत्र शिजवून ठेचलेलं. लायडनमध्ये दरवर्षी 3 ऑक्टोबरला ते घरोघरी होतं. गावाला सुट्टी असते, जत्रा भरते, सकाळी पांढरा पाव आणि हेरिंग मासा वाटतात. कारण 1574 साली त्या दिवशी गावाचा वेढा उठला. स्पेनच्या सैन्यानं गाव कोंडलं होतं, आत हजारो माणसं उपासमारीनं आणि रोगानं मेली होती. शेवटी बाहेरच्या त्यांच्या माणसांनी स्वतःचेच बांध फोडले, पाणी शेतांत घेतलं, पाण्याबरोबर होड्या आल्या आणि स्पॅनिश सैन्य रातोरात पळालं. पळताना छावणीत चुलीवरचं भांडं तसंच राहिलं, ते एका अनाथ पोराला सापडलं, आणि त्यात जे होतं ते हे, असं तिथले लोक सांगतात.

"पानी आलं म्हणून सुटले?" अक्कांनी नळीकडे बघत विचारलं. "आणि तिकडं सण करतात त्याचा? मग आपन दर चार दिवसांनी करायला पायजे की."

मला मात्र त्या गोष्टीतली दुसरीच गंमत आवडली. त्या भांड्यात बटाटा असणं शक्यच नव्हतं. 1574 मध्ये तिकडच्या शेतांत बटाटा रुजायचा होता. तेव्हा त्यात गाजर असायचं आणि पांढऱ्या गाजरासारखं पार्सनिप नावाचं एक गोडसर मूळ. बटाटा मागून आला, पार्सनिपला खुर्चीवरून उठवून स्वतः बसला आणि आता लोकांना वाटतं, की सणाचा यजमान तोच.

असं हा बटाटा सगळीकडेच करत आलाय. त्याचं नावसुद्धा त्याचं नाही. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला बटाटा म्हणायचे. स्पॅनिश लोकांनी आधी रताळं पाहिलं, नाव उचललं, मग डोंगरातला हा दुसरा कंद पाहिला आणि तेच नाव थोडं फिरवून त्याला चिकटवलं. पोर्तुगिजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला तो रताळ्याच्या नावानिशी. पोर्तुगिजांना आजही रताळ्याला 'गोड बटाटा' म्हणावं लागतं. म्हणजे मूळ मालकालाच नावापुढं विशेषण लावून फिरायची वेळ आली. हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या वहिनींच्या जावेसारखं."

त्या जावेची गोष्ट निराळी आणि ती छापण्यासारखी नाही. कोपऱ्यावरच्या वहिनींची मात्र सांगते, कारण ती याच विषयातली आहे. दिवाळीनंतरच्या भिशीला त्यांनी आम्हां सगळ्यांना वाटी-वाटी मॅश्ड पोटॅटो वाढलं होतं. पांढरंशुभ्र, एक गाठ नाही, वर मिरपूड. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलाय, त्यानं शिकवलं, बटाटा तीनदा चाळायचा, दूध एका ठरावीक तापमानाला तापवायचं, असं अर्धा तास ऐकवलं. बायका गप्प बसून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली. अक्कांचा डबा आणि वहिनींचा डबा शेजारी शेजारी होते. वहिनींच्या डब्यात सगळ्यात वर बटाट्याच्या पावडरीचं रिकामं पाकीट. गरम पाणी ओता, ढवळा, झालं.

"मी काई बोलले नाई हं," अक्का म्हणतात. बोलल्या नसतील. पण संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या अकरा घरांना कळलं होतं.

तर त्या दिवशी भिंतीवर ठरलं, की महाशिवरात्र उद्यावर आलीय, मंडईत कंद आलेत, तेव्हा हे काम नीट करायचंच. उपवासाचं एक आणि उपवास सुटल्यावर लायडनचं एक. अक्कांची एक अट होती. मिक्सरची वायर काढून कपाटात ठेवायची.

लक्ष्मी मंडईत शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. रताळ्यांचे ढीगच ढीग, लाल सालीची, अंगाला माती लागलेली. करमाळ्याकडं उजनीच्या पाण्यावर रताळी होतात ती या दिवसांत येतात. अक्का रताळं कसं निवडतात ते बघण्यासारखं आहे. मधे जाड आणि दोन्हीकडं निमुळतं, मध्यम, हाताला दगडासारखं घट्ट. भलंमोठं दिसलं की त्या पुढं जातात, "आत दोरे असतेत." बटाट्याची गोष्ट उलटी. या दिवसांत नवा बटाटा येतो, पातळ सालीचा, नखानं साल निघते, दिसायला देखणा. भाजीला फार छान, ठेचायला नाही. तो ओला आणि चिकट. ठेचायला जुना, जाड सालीचा, पिठूळ बटाटा हवा. मात्र शीतगृहात जास्त दिवस राहिलेला नको, गारठ्यात त्याच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तो भलताच गोड लागतो. भाजीवाल्याला "पिठूळ दे" म्हटलं, तर तो म्हणाला, "मावशी, आत शिरून बघू का?"

मंडईतून परत येताना रिक्षात एक भाषिक भांडण झालं. मी म्हटलं, सुरण घ्यायचा राहिला. अक्का म्हणाल्या, कंदगड्डा घेतला की. मी म्हटलं, ते रताळं. त्या म्हणाल्या, तेच ते. मग उलगडा झाला, की त्यांच्या तेलंगणाच्या तेलुगूत कंदगड्डा म्हणजे रताळं आणि त्यांच्या आंध्राकडच्या जावेच्या तेलुगूत कंदा म्हणजे सुरण. एकदा शिवरात्रीला जावेला रताळी आणायला सांगितली तर ती पाच किलोचा सुरण काखेत मारून आली होती. एकूण तेलुगूत जमिनीखालचं जे हाताला लागेल ते गड्डा. आलुगड्डा म्हणजे बटाटा, चामगड्डा म्हणजे अळकुडी, उल्लिगड्डा म्हणजे कांदा. कानडीतही आलूगड्डे आणि उळ्ळागड्डी. मराठीत आम्ही कोबीचा आणि लसणाचा गड्डा करतो. आणि या सगळ्यांच्या वरताण आमची सिद्धरामेश्वरांची जत्रा, संक्रांतीला होम मैदानावर भरते, तिलाही गाव गड्डाच म्हणतं. बाहेरगावच्या माणसाला सोलापुरात जानेवारीत कुणी म्हटलं "काल गड्ड्याला गेलतो," तर तो बिचारा शेतात गेला होता असं समजेल.

सुरणाचं थोडक्यात सांगते, कारण माझा त्याच्यावर राग आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तो उघड्या हातानं चिरला, नुसता उकडला आणि सासरच्या सात माणसांना वाढला. जेवणं झाल्यावर सातही जण घसा खाजवत अंगणात उभे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. हाताला तेल लावून चिरायचा आणि चिंच किंवा आमसूल घालून उकडायचा, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. अळकुडीचीही तीच जात. आता मी सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात उकडते आणि आधी स्वतः एक खाऊन पाच मिनिटं थांबते.

उपवासाला काय चालतं यावर आमच्या भिंतीवर दरवर्षी एक परिषद भरते. आमच्याकडे बटाटा, रताळं, सुरण चालतं. गाजर चालत नाही. समोरच्यांकडे गाजर चालतं, सुरण नाही. अक्कांकडे दिवसभर काही नाही, रात्री जागरण आणि उकडलेली रताळी. कांद्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. यंदा मी मास्तरकी केली. म्हटलं, अक्का, आपल्या उपवासाच्या ताटाकडं नीट बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिरा आणि ज्याचा साबुदाणा करतात तो कसाव्याचा कंद, हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. कोलंबस तिकडं गेला 1492 मध्ये. आणि पिढ्यानपिढ्या इथल्या मातीत पिकणारी ज्वारी, जिच्यासाठी आपलं मंगळवेढं गाजलं, ती मात्र उपवासाला बाद.

"मग 1492 च्या आधी लोक उपासाला काय खायचे?"

"काय माहीत."

"काई खात नसतील," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर त्याला उपास म्हणायचे."

शिवरात्रीला अक्कांनी रताळी न्हाणीच्या चुलीत राखेखाली पुरली. त्यांच्याकडे अजून अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं. मी म्हटलं, कुकरला लावू, दहा मिनिटांत होतील. त्यांनी ऐकलं नाही आणि बरोबर केलं. रताळ्यात स्वतःचंच एक विकर असतं, ते स्टार्चची साखर करतं, पण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान त्याला वेळ मिळाला तर. राखेत रताळं सावकाश तापतं, तो टप्पा लांबतो आणि गोडी भरते. कुकर तो टप्पा पळत ओलांडतो. माझ्या कुकरातलं आणि त्यांच्या राखेतलं शेजारी ठेवून खाल्लं तर एकाच वेलाची आहेत यावर विश्वास बसत नाही. त्यांचं रताळं सालीतून पाक गाळत होतं.

भाजलेली रताळी सोलून, उकडलेला बटाटा आणि चिंचेत उकडलेला सुरण असं सगळं लाकडी रवीच्या बुडानं मोडलं. मोडलं म्हणते, घोटलं नाही. त्यात घट्ट दही, मीठ, दाण्याचं कूट आणि वर तूप-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. हे करताना माझ्या लक्षात आलं, की मी चार महिने परदेशी म्हणून ज्याच्या मागं लागले होते ते माझ्या आजीच्या ताटात दर एकादशीला होतं. आम्ही त्याला भरीत म्हणत होतो. वांग्याचं भरीत तेवढं भावखाऊ, त्यामुळे रताळ्याचं, भोपळ्याचं, केळ्याचं भरीत कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. हुत्सपॉट म्हणजे गाजराचं भरीत, एवढं लायडनच्या पोरीनं ऑक्टोबरातच आईला सांगितलं असतं तर माझा मिक्सर वाचला असता.

अक्कांची खरी करामत अमावस्येच्या दिवशी दिसली. लायडनचं करायचं होतं. मी मॅशर शोधत होते, पावभाजीचा. त्याचा दांडा निसटतो आणि दर तिसऱ्या दाबाला तो भाजीत पडतो. अक्का म्हणाल्या, थांबा, आणि माळ्यावरून पुरणयंत्र काढलं. वर पितळी भांडं, खाली जाळी, मधे फिरवायचा दांडा. त्यांच्याकडे पुरणपोळीला बक्षालू म्हणतात, पण यंत्र तेच. आता विचार करा, डाळ शिजवून तिचा कण न् कण सुटा आणि मऊ करायचा, पण लगदा करायचा नाही, हे काम आपल्या बायका दर होळीला करतात. बटाट्याला हवं तेच. युरोपातल्या स्वयंपाकघरांतही ठेचायला असंच दांडा फिरवायचं यंत्र असतं, फक्त त्यांना त्यातून पुरण काढायचं सुचलेलं नाही.

कृती सांगते, पण चमच्यांची मापं मागू नका. जुने बटाटे अर्धा किलो, गाजरं पाव किलोहून थोडी जास्त, दोन मोठे कांदे. गाजर हट्टी. ते बटाट्याइतक्या वेळात शिजत नाही आणि बटाटा त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून गाजराच्या पातळ चकत्या आणि उभा चिरलेला कांदा आधी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात. बटाट्याच्या मोठ्या फोडी दुसऱ्या पातेल्यात गार पाण्यातून चढवायच्या. उकळत्या पाण्यात टाकल्या तर बाहेरून विरघळतात आणि आतून कच्च्या राहतात. हिरवट डाग पडलेला बटाटा असेल तर तो भाग खोल कापून टाकायचा. सुरी अलगद गेली की पाणी पूर्ण निथळायचं, आणि माझ्याकडून पहिल्यांदा राहिलं होतं ते हेच, निथळलेल्या फोडी रिकाम्या गरम पातेल्यात परत घालून मंद आचेवर दोन मिनिटं हलवायच्या. वाफ जाऊ द्यायची. बटाट्यात आधीच ऐंशी टक्के पाणी, गाजरात त्याहून जास्त. ते थोडं गेलं तर दुधालोण्याला आत शिरायला जागा होते.

मग गरम गरम असतानाच यंत्रात. गार झाल्यावर फिरवलं तर पुन्हा खळीकडं प्रवास. मी दांडा फिरवत होते, अक्का वरून फोडी टाकत होत्या आणि जाळीतून पिवळे-केशरी शेवयांसारखे तंतू खाली पडत होते. त्यात लोणी, मग गरम दूध, मीठ, मिरपूड. उलथन्यानं चार वेळा खालीवर. पाचव्यांदा मी हात घातला तर अक्कांनी मनगट धरलं.

तेवढ्यात धाकटीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ होती. पातेलं कॅमेऱ्यापुढं धरलं. ती म्हणाली, रंग बरोबर आहे, पण अजून थोडे तुकडे राहायला हवेत, तिकडे इतकं बारीक करत नाहीत. अक्का म्हणाल्या, "तुला चार वर्षं झाली जाऊन, लगेच तिकडची सासू झालीस का?" मग त्या दोघी तेलुगूत बोलायला लागल्या आणि मला कळण्यासारखं फक्त गड्डा, गड्डा एवढंच ऐकू आलं. शेवटी लेकीनं मराठीत विचारलं, "काकू, तोंडी लावायला काय?"

तोंडी लावायला शेंगाचटणी, अजून काय. नुसतं खाल्लं तर ते मऊ, गोडसर आणि जरा आजारी माणसाच्या जेवणासारखं लागतं. खोटं कशाला बोलू. पण त्यात बोटानं खळगा करून चटणी घातली, वर चटणीचं तेल उतरू दिलं आणि कडक भाकरीच्या तुकड्यानं उचललं, की त्याला आकार येतो. कडक भाकरी कुरकुरते, मधे मऊ, मागून लसूण आणि तिखट. आमच्या ह्यांनी दोनदा घेतलं आणि म्हणाले, "हे ठीक आहे." तीस वर्षांच्या संसारात एवढी स्तुती मला चारदा मिळालीय.

उरलेलं दुसऱ्या दिवशी अक्कांनी ज्वारीच्या पिठात मळलं, कोथिंबीर-मिरची घातली आणि तव्यावर थापलं. ते मूळ पदार्थापेक्षा चांगलं झालं. हुत्सपॉटची एक वाटी कोपऱ्यावरच्या वहिनींकडेही पाठवली होती. निरोप आला, की छान आहे, पण किंचित गाठी लागल्या, मुलगा म्हणतो तीनदा चाळायला हवं होतं. अक्कांनी वाटी धुऊन पालथी घातली आणि काही बोलल्या नाहीत. गल्लीत अजून दोन दिवस पाणी यायचं नव्हतं.

पुरणयंत्र माझ्याकडेच आहे. शिवरात्रीनंतर होळी पंधरा दिवसांवर असते, आणि काल भिंतीवरून विचारणा सुरू झाली.